चिंचोक्याच्या खळीचा पडदा

नेमू, तुझ्या शोकसभेत ज्या पडद्यासमोर उभं राहून मी तुझ्या कलेची तारीफ केली, तो पडदा तू रंगवलेला नव्हता.

आधीच सांगून मोकळा होतो. तुमच्या जैन शास्त्राप्रमाणं म्हणे जीव मध्ये कुठं रेंगाळत नाही, एक कुडी सुटली की लगेच दुसरीकडं लागतो. म्हणजे तू एव्हाना कुणाच्या तरी पोटात गुडघे दुमडून पडला असशील आणि तुला माझं हे ऐकायला सवड नसेल. तरी ऐक. जिवंत होतास तेव्हाही सवड नसताना ऐकायचासच.

झालं ते असं. सभेची कल्पना माझी. बेळगावच्या ज्या वाचनालयात मी रोज संध्याकाळी फुकट वर्तमानपत्रं वाचतो, त्याचा दिवाणखाना मी मागून घेतला. मग मला वाटलं, जन्मभर नाटकाचे पडदे रंगवलेल्या माणसाची सभा, आणि मागं नुसती चुन्याची भिंत? छे. म्हणून सर्व्हिस मोटारीनं निपाणीला आलो आणि थेट तुझ्या थोरल्या भावाच्या, अण्णांच्या, तंबाखूच्या वखारीत गेलो. तुझे पडदे तिथंच आहेत हे मला ठाऊक होतं. ज्या नाटक मंडळीसाठी तू डोळे घालवलेस ती मंडळी निपाणीतच बुडाली आणि तिच्या सामानाचा लिलाव झाला, तेव्हा पडदे अण्णांनीच घेतले. भावाच्या मायेनं घेतले असं सभेत एका वक्त्यानं सांगितलं. खोटं आहे. अण्णांनी ते वजनावर घेतले, कापड म्हणून. पुढं लढाई लागली, बाजारातली ताडपत्री सगळी पलटणीकडं गेली, आणि तुझे राजवाडे, तुझी अरण्यं, तुझे नदीकाठ तंबाखूच्या ढिगांवर जाऊन पडले.

हमालांनी दोन ढिगांवरच्या कापडांची टोकं उचलून दाखवली. एकाखालून मातकट, तपकिरी असं काहीतरी दिसलं. दुसऱ्याखालून लाल-सोनेरी दरबार झळकला. खांब, झुंबर, सिंहासनाच्या दोन्ही अंगांना दोन मोर. मी ओरडलोच, "हा! हाच आमच्या नेमूचा हात! असा मोर दुसरा कोण काढणार?"

अण्णांनी पानाची पिंक टाकली. "तुमाला म्हाईत. आमाला सगळी फडकीच."

दरबार घेऊन आलो. तंबाखूची धूळ होती, ती ओल्या फडक्यानं पुसून काढली. त्यात एका मोराचा निळा रंग ओघळून सिंहासनावर आला, पण लांबून ते गालिच्यासारखं दिसत होतं. दिवाणखान्यात पडदा टांगला, दमट हवा, दारं-खिडक्या लोकांनी भरलेल्या, आणि मी बोलायला उभा राहिलो. पहिल्या ओळीत तुझी बायको, आमच्या पद्मावहिनी. मी दोन-चार वाक्यं बोललो असेन-नसेन, त्यांनी पदर नाकाला लावला. मला गलबलून आलं. म्हटलं, शब्द पोचताहेत. मी आवाज चढवला. त्यांच्या शेजारच्या हेडमास्तरांनी रुमाल काढला. मागच्या ओळीतल्या दोघा-तिघांनी उपरणी तोंडाला लावली. नेमू, माझ्या भाषणानं आजवर कुणाच्या डोळ्यांत पाणी आलेलं नाही. मी थांबतो होय? दहा मिनिटांचं भाषण तासाभराचं केलं. शेवटी मोराकडं हात करून म्हणालो, "हा मोर पाहा! नेमगोंडाचा आत्मा आपल्यातून गेलेला नाही, तो या मोरात आहे!"

सभा संपल्यावर वहिनी पायरीवर थांबल्या. डोळे कोरडे होते. एवढंच म्हणाल्या, "भावजी, आमच्या घरात सरस कदी आलता काय?"

मी परत आत गेलो आणि पहिल्यांदा नाकानं श्वास घेतला. ओल्या पडद्याला सरसाचा वास मारत होता. शिजलेल्या कातड्याचा, खुरांचा, हाडांचा. जन्मात ज्यानं सरसाला बोट लावलं नाही त्याच्या बायकोला मी तासभर त्या वासाखाली बसवलं होतं, आणि ज्या मोरात तुझा आत्मा घातला तो मोर कुणा परगावच्या चिताऱ्याचा होता. ज्याच्या पडद्यांना तू 'बँडवाल्याचा कोट' म्हणायचास, तो.

आता दुसऱ्या कुणी ही चूक केली असती तर गोष्ट वेगळी. पण मी? तुझ्या सरसाची कथा माझ्याइतकी कुणाला माहीत?

आपण मराठी शाळेत एका पाटावर बसत होतो. तू पाटीवर बैल काढायचास आणि मी तो बैल मास्तरांना दाखवून मार खायचो, तुझ्या वाटचाही. पुढं तू चित्रं शिकायला जातो म्हणालास, तेव्हा तुझ्या वडलांनी तंबाखूचा धंदा सोडणाऱ्या पोराला एकच अट घातली. मी तिथं होतो, खांबाआड. "चितारी हो, न्हायतर सोंगाड्या हो, मला काय करायचं? पर माझ्या घरात कातडं शिजवायचं न्हाय." पडद्याचा रंग म्हणजे रंगाची भुकटी सरसात कालवायची, ही सगळ्या हिंदुस्थानची रीत. तुझ्या घरी त्या रीतीला दार बंद. तू रडलास. मग तुझ्या आईनं मार्ग काढला. चिंचोके भाजायचे, भिजत घालायचे, साल काढून वाटायचे, आणि त्याची खळ रटरटत शिजवायची. त्या खळीत तू रंग कालवलास आणि मरेपर्यंत तेच करत राहिलास. वडील गेले, आई गेली, तुला अडवणारं कुणी उरलं नाही, तरी सरस घरात आला नाही. मी विचारलं होतं, आता का? म्हणालास, "आता हाताला तीच सवय झालीया. आणि दत्तू, ह्यो रंग चमकत न्हाय. मला चमक नगोच हाय."

मंडळीच्या मालकांना मात्र चमकच हवी होती. ते म्हणायचे, "पडदा कसा पाहिजे? लग्नातल्या शालूसारखा!" तू खाली मान घालून म्हणायचास, "माझा पडदा मागं ऱ्हातोय, मालक. शालू नटी नेसंल की."

मालकांना ते कधी कळलं नाही. मलाही नाही, पण मी कळल्यासारखं हसायचो. हसण्यात मी पहिल्यापासून तयार.

माझं काय होतं ते तू जाणतोस, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला कळावं म्हणून लिहितो. दिवसा मी कचेरीत नकला उतरवायचो आणि आठवड्यातून एकदा बेळगावच्या एका साप्ताहिकात 'नवे व पाहण्याजोगे' म्हणून अर्धा रकाना भरायचो. कुठं नवं चित्र लागलं, नवी तबकडी आली, तंबूत नवा मूकपट आला, फोटोवाल्यानं काच बदलली, की मी तिथं हजर. काय बघावं, काय बघू नये हे अख्ख्या जिल्ह्याला मी सांगायचो. जिल्हा ऐकत नव्हता ही जिल्ह्याची पुण्याई. बोलपट निघाले तेव्हा मी लिहिलं, हे दोन उन्हाळ्यांचं खूळ आहे. एका मैफलीत गवई तंबोरा लावत होता, तेव्हा मी 'वाहवा' म्हणून टाळी दिली आणि तो गायला लागल्यावर झोपलो.

कँपातल्या त्या फोटोवाल्याची आठवण आहे? त्यानं दुकानात माणूस नसलेले फोटो लावले होते. नुसतं आभाळ, नुसती भिजलेली भिंत, एका बाकाची सावली. मी लिहिलं, 'बिचाऱ्यास गिऱ्हाईक मिळाले नसावे.' तू ते वाचलंस आणि दुसऱ्याच दिवशी मोटारीत बसून बेळगावला आलास. दुकान बंद होईस्तोवर त्या भिंतीच्या फोटोसमोर उभा. दिवस मावळला. मावळतीनंतर तुमच्यात अन्न नाही. उपाशी झोपलास माझ्या घरी. मी जेवत होतो, तू पाणीसुद्धा घेतलं नाहीस आणि छताकडं बघून म्हणालास, "भितीला बी तोंड असतंय रं."

बसक्या आवाजाच्या त्या बाईच्या तबकडीचंही तेच. मी म्हटलं, हिचा घसा बसलाय. तू दुकानदाराला ती तबकडी पुन्हा पुन्हा लावायला लावलीस, इतकी की त्यानं सुई संपली म्हणून सांगितलं. "दत्तू न्हाय म्हणतोय म्हंजे बघाया पायजे," असं तू सगळ्यांसमोर म्हणायचास आणि मी त्याला प्रेमाची थट्टा समजायचो.

आणि तुझं घरामागचं परसू. कापड जमिनीवर पसरलेलं, चार कोपऱ्यांवर दगड, आणि बांबूच्या टोकाला कुंचला बांधून तू उभ्या उभ्या रंगवतोयस, शेतात पाणी पाजणाऱ्या माणसासारखा. एवढा मोठा पडदा जमिनीवरून कुणालाच अख्खा दिसत नाही. म्हणून तू मला शिडी लावून गोठ्याच्या कौलांवर चढवायचास आणि खालून विचारायचास, "कसं वाटतंय रं?"

किती मोठा मान होता तो. मालकांना नाही, अण्णांना नाही, मला. मी कौलांवर बसून, ढुंगणाला कौलं टोचत असताना, निकाल द्यायचो. "वा नेमू! ती कमळं! तो हंस! क्या बात है!" पुढच्या खेपेला येऊन बघावं तर कमळं नाहीत, हंस नाही. सगळं पांढऱ्यानं पुसलेलं, आणि त्या जागी दगडाच्या उघड्या पायऱ्या, पाण्यात उतरणाऱ्या, शेवटची पायरी पाण्याखाली अर्धी दिसणारी. मी चिडायचो. "इतकं चांगलं काम का पुसतोस?"

"असंच. जमलं न्हवतं."

"मी सांगतो ना जमलं होतं!"

"व्हय की. सांगितलंस की." आणि तू वहिनींना हाक मारायचास, ह्याला गूळ-पाणी द्या म्हणून.

मी घरी जाऊन बायकोला सांगायचो, नेमूचा विनय बघ. विनय!

आपलं भांडण तेव्हाचं, आणि ते तसंच राहिलं. मी म्हणायचो, माणूस तिकीट काढून येतो तो निपाणीची धूळ विसरायला. पडद्यानं त्याला उचलून इंद्राच्या सभेत न्यावं. तू म्हणायचास, त्याला कशाला उचलायचं? बसलाय तिथंच त्याला दिसाया पायजे. मी दाखले द्यायचो, मुंबईची नावं घ्यायचो, हातवारे करायचो. तू ब्रश धूत बसायचास. मग वहिनींची हाक यायची, दिवस बुडतोय, जेवून घ्या, आणि तुझ्या ताटाची घाई माझ्या मुद्द्याच्या आड यायची. तुला खोडून काढायला मी एक फार चांगला मुद्दा राखून ठेवला होता. आता तो मलाच आठवत नाही.

मग तो रस्त्याचा पडदा.

मंडळीला नवा 'रस्ता' हवा होता. रस्त्याचा पडदा म्हणजे ठरलेला. दोन्हीकडं माड्या, कमानी, मधे दिव्याचे खांब, सगळं लांबवर एका टिंबात गेलेलं, मुंबईही नाही आणि लंडनही नाही अशी कुठलीतरी पेठ. मी शिडी चढलो, कौलांवर बसलो, आणि खाली बघून म्हटलं, "हे काय? पोतं अंथरलंयस काय?"

खाली नुसता तपकिरी उजेड होता. एक गल्ली. बुटकी कौलारू घरं, एक बंद दार, गाडीच्या चाकोऱ्या, आणि हवेत काहीतरी तरंगतंय. माणूस नाही, कमान नाही, दिवा नाही. तू विचारलंस, "कसं वाटतंय रं?" मी म्हटलं, "मळकट."

"खरंच आवडला न्हाय?"

"अजिबात नाही. नेमू, हा रस्ता बघून माणूस उठून घरी जाईल."

तू हसलास. इतका खुललास की मला वाटलं, बिचारा वरवर हसतोय. मी तावातावानं उतरलो आणि शेवटच्या पायरीवरून माझा पाय थेट ओल्या आभाळावर पडला. टाच, पाच बोटं, सगळं उमटलं. दुसरा कुणी असता तर त्यानं मला बांबू घातला असता. तू म्हणालास, "ऱ्हाऊ दे." वहिनींनी माझ्या हातावर खोबरं-गूळ ठेवलं, तूच सांगितलंस म्हणून. चांगली बातमी आणणाऱ्याला देतात तसं. आणि तू खाली बसून कोपऱ्यात सही केलीस. पेंटर नेमगोंडा, निपाणी. मी मनात म्हटलं, हट्टी आहे.

निपाणीतच पहिला खेळ. पडदा खाली आला. मग कुणीतरी म्हणालं, "आरं, ही तर आपलीच गल्ली!" झालं. "तिकीट काडून आपलंच घर बघायचं व्हय?" "मालक, आमची म्हस कुटं हाय ह्यात?" आणि एकाला शिंक आली. खरी की सोंगाची कुणास ठाऊक, पण तपकिरीच्या गावात शिंकेला साथ मिळायला कितीसा वेळ? अख्खा तंबू शिंकायला लागला. त्या शिंकांमध्ये तुझ्या गल्लीतून मुकुट घातलेला राजा आला आणि बोलायचं विसरून शिंकला. मध्यंतरात मालकांनी पडदा गुंडाळून ठेवला तो परत सोडला नाही.

मी तिसऱ्या रांगेत होतो. शिंकलो. पुढच्या अंकात साप्ताहिकात लिहिलं, 'रस्त्याचा पडदा मळकट असून प्रेक्षकांस आपल्याच दारात उभे करतो.' तू म्हणालास, "झ्याक लिवलंस."

आता तेच लोक तुला थोर कलावंत म्हणताहेत. सभेत एकानं तर सांगितलं, 'निपाणीच्या मातीचा चितारी.' त्या रात्री सगळ्यांत मोठ्यानं शिंकला होता तो. ही माती तू दाखवलीस तेव्हा त्यांना नको होती, आणि आता तुझ्यावर टाकायला बरी सापडली. मला त्यांचा राग येतो आणि राग करायला मी कोण हे आठवलं की जास्तच येतो.

बोलपटाचं खूळ दोन उन्हाळ्यांत गेलं नाही. गेली ती मंडळी. मालक एका पहाटे हार्मोनियम घेऊन निघून गेले आणि बाकीचं सगळं लिलावाला सोडलं. तू तंबू टॉकीजचे बोर्ड रंगवायला लागलास. न बघितलेल्या नट्यांचे चेहरे, काड्यापेटीएवढ्या छापील चित्रावरून, घराएवढे. तंबूवाला खाली उभा राहून ओरडायचा, "ओठ लाल करा, आणि लाल!" आणि तू करायचास. मी रस्त्यावरून जाताना तुला शिडीवर बघितलं, आणि नेमू, मी दुसऱ्या बाजूनं गेलो. लाज तुझी वाटली नाही. भीती वाटली, तू वरून विचारशील, 'कसं वाटतंय रं?', आणि मला खरंच ते लाल ओठ आवडले होते.

शेवटचा आलो तेव्हा तू अंथरुणावर. ढास लागली की हाडं वाजायची. तू म्हणालास, "नवीन काय बघितलंस?" मी खूश. खुर्ची जवळ ओढली आणि सगळं सांगितलं, काय काय छान पाहिलं ते. एका नव्या चित्रकाराच्या देवी, अशा तेजस्वी की अंगावरचे दागिने मोजून घ्यावेत. एक बोलपट, त्यातला महाल. तू डोळे मिटलेस. मग म्हणालास, "आणि काय आवडलं न्हाय ते सांग की."

मी म्हटलं, आजाऱ्यापुढं कशाला वाईट बोलायचं. राहू दे. बरा हो, मग सांगीन.

तू पुन्हा एकदा म्हणालास, "सांग की रं, दत्तू." मी तुझं पांघरूण सारखं केलं आणि मोटार चुकेल म्हणून उठलो.

सांगण्यासारखं होतं माझ्याकडं. कँपात एका गोऱ्या मडमेनं भरवलेल्या प्रदर्शनात एक चित्र होतं, नुसत्या तीन रेघा आणि एक पिवळा डाग. मी त्याच्यासमोर उभं राहून मोठ्यानं हसलो होतो. ते तुला सांगायला हवं होतं. तू उठून बसला असतास.

परवा वहिनींचा निरोप आला, लगेच या. गेलो. अण्णांना दोन गाड्या तंबाखू कोल्हापूरच्या रेल्वेवर पाठवायची होती आणि वखारीतले बाकीचे पडदे फाटून गेल्यावर वर घालायला एकच धड पडदा उरला होता. तो मधोमध कापणार होते. मला दाखवलेल्या दोन ढिगांवरचा उरलेला, मातकट. तुझा रस्ता. वहिनी दोन दिवस दिराच्या विनवण्या करत होत्या. घरात ट्रंकेत जपून ठेवलेले तुझे पडदे त्यांनी मला आधी दाखवले: चिंचोक्याच्या खळीला कसर लागलेली, हात लावला की भुगा. जपलेलं सगळं किड्यांनी खाल्लं होतं. तंबाखूवर टाकलेलं तेवढं वाचलं, कारण त्या वासाला किडाही जवळ येत नाही. म्हणजे आता तुझ्या हातचं जगात एकच उरलं होतं, आणि अण्णांनी त्याच्यासाठी कात्री धार लावून आणली होती.

"अण्णा म्हणत्यात," वहिनी वखारीकडं चालता चालता म्हणाल्या, "पेपरवाल्यानं सांगू दे ह्यात काय हाय. त्यो चांगलं म्हणला तर न्हाय कापत. म्हणून तुमास्नी बलवलं. न्हायतर बलवलं नसतं."

"असं का म्हणता, वहिनी?"

"राग मानू नगासा. तुमाला ठाव न्हाय ते सांगतो, ते सांगू नको म्हणायचे." आमच्याकडं बायकाही 'सांगतो' म्हणतात, आणि त्या तसं म्हणाल्या की कोर्टात साक्ष दिल्यासारखं वाटतं. "तुमी कौलावर चडून वा म्हणलासा की ते पुसायचे. तुमी गेलासा की लगीच, पांढऱ्याची बादली घेऊन. म्हणायचे, दत्तूला आवडलं म्हंजे सगळ्यांनी कुटं ना कुटं बघितल्यालं असणार. त्याला न्हाय आवडलं म्हंजे ते नवं हाय. त्याचा डोळा लई इमानी, कदी फसवत न्हाय."

मी रस्त्यात उभा राहिलो. एक बैलगाडी मला वळसा घालून गेली.

इतकी वर्षं, नेमू! मी शिड्या चढलो, कौलं टोचून घेतली, 'नेमूला मी शोधला' म्हणून गावभर सांगत फिरलो, आणि तू मला वारा दाखवणाऱ्या पत्र्याच्या कोंबड्यासारखा छपरावर बसवून वारं कुठलं ते बघत होतास? एकदा तरी तोंडावर म्हणायचंस, दत्तू, तू बैल आहेस. मी मानलं असतं. रागावलो असतो, महिनाभर आलो नसतो, मग आलो असतो. तू मला तेवढीही संधी दिली नाहीस. गूळ देत राहिलास. खोबरं देत राहिलास. तो गूळ आता घशात अडकलाय, आणि पाणी कुणाकडं मागू?

वखारीपर्यंत जाता जाता राग थोडा उतरला. सोनार कसोटीवर सोनं घासतो तेव्हा दगड कुठं सोनं असतो? पण तो दगड सोनार कुणाच्या हाती देत नाही, जपून ठेवतो. तू मला प्रत्येक पडद्याला बोलावलंस. मी नाही आलो तर थांबून राहायचास, असं वहिनी म्हणाल्या. माझ्यावाचून तुझा एक पडदा पुरा झाला नाही. हे सांत्वन आहे की शिवी, मला ठरवता येत नाही. दोन्ही असेल. तुझं सगळं असंच, न चमकणारं.

हमालांनी अंगणात पडदा पसरला. अण्णा कात्री घेऊन उभे. "बोला. काय हाय ह्यात?"

"वरून बघायला पाहिजे," मी म्हटलं, आणि या वयात तंबाखूच्या गठ्ठ्यांवर चढलो. हमाल हसले. वर जाऊन उभा राहिलो आणि खाली बघितलं.

तुझी गल्ली होती. दुपारची, सगळी माणसं वखारीत गेल्यानंतरची. हवेत तंबाखूची धूळ तरंगत होती आणि उन्हाचा एकेक पट्टा तिच्यात अडकून राहिला होता. बंद दाराच्या उंबऱ्याशी झिजलेला खळगा, कुणीतरी रोज तिथं पाय ठेवून आत जातं. आत्ता आत आहे. हाक मारली तर येईल. चाकोऱ्या दारापाशी येऊन थोड्या वाकल्या होत्या, गाडीवान तिथं थांबत असावा. आणि घरांवरच्या मोकळ्या आभाळात एकच ढग, लहान, मळका, एका टोकाला गोल आणि दुसऱ्या टोकाला पाच बारीक झुबके. माझी टाच. माझी बोटं. तू ते पुसलं नव्हतंस. कडा तेवढ्या हलक्या केल्या होत्यास.

मी जन्मभर जिथं उभा होतो, तिथं मला पहिल्यांदाच कुणीतरी उभं केलं होतं. मला रडू आलं, खरं, सरसाच्या वासाशिवाय.

"अण्णा," मी वरून म्हटलं, "कापू नका. हा चांगला आहे. मी आजवर जे जे पाहिलं त्यात एवढं चांगलं काही नाही."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं, पडद्याकडं बघितलं, त्यांना काही दिसलं नाही हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पण छापून येणाऱ्या माणसाचा शब्द. "साकु," ते कानडीत म्हणाले, पुरे झालं, आणि कात्री कनवटीला खोचून गाड्यांसाठी पोती शिवायला सांगून निघून गेले.

मी धडपडत खाली उतरलो, यावेळी आभाळ वाचवून. वहिनी गुडघ्यांवर बसून पडदा गुंडाळायला लागल्या होत्या. मी डोळे पुसत पुन्हा म्हटलं, "वहिनी, खरंच सांगतो. फार आवडला मला."

त्यांनी वर न बघता गुंडाळी घट्ट केली.

"बरं झालं भावजी, ते आज न्हाईत. न्हायतर ह्योबी पुसून टाकला असता."